मामाच्या पोरीचं जर्मन

अवसरी खुर्द
१२ जून २०२५

मठ्ठ म्हणलास तू तिला. माझ्याजवळ म्हणायची छाती झाली न्हाई, अण्णांजवळ म्हणलास. फोन स्पीकरवर व्हता अन् हर्षाली तिथंच लसूण सोलत बसलेली. "अण्णा, ती मठ्ठ आहे हो, तिला जमायचं नाही, नाद सोडा." तिनं पाकळी खाली ठेवली न्हाई की वर बघितलं न्हाई. सोलतच राहिली. मी तिथल्या तिथं म्हणणार व्हते, की मठ्ठ असती तर तुझ्याशी लगीन केलं असतं का. मग ध्यानात आलं, मठ्ठ हाय म्हणूनच केलं.

पत्राच्या वर आशीर्वाद लिहायची रीत हाय. ती या वेळी राहू दे.

माझा फोन तू उचलत न्हाईस. हर्षालीचा नंबर तर बंदच करून टाकलास. मग चौथी शिकलेल्या बाईनं काय करावं? कागद घेतला. मंचरच्या पोस्टातल्या माणसाकडून पत्ता इंग्रजीत लिहून घेते. अक्षर लागलं न्हाई तर दोनदा वाच, इंजिनियर ना तू.

नापास झाली, खरंय. नवऱ्याकडं जायचं तर बायकोनं आधी जर्मन भाषेची पहिली परीक्षा द्यायची, हा जर्मनीच्या सरकारचा कायदा. असू दे. पुण्याला जाऊन दिली, थोडक्यात गेली. पण तू दोन वर्षांत तिच्याशी त्या भाषेत एक वाक्य बोललास का? जेवलीस का, एवढं तरी?

ती भाषा म्हणजे काय चीज हाय ते मला आता कळतंय. मी तिच्याजवळ बसते, पुस्तक माझ्या हातात, अन् ती म्हणून दाखवते. प्रत्येक वस्तूच्या नावाआधी डेर लावायचं, नायतर डी, नायतर डास. आपल्यात तो, ती, ते असतं तसंच. पण आपलं पोर ते अंगावर पिताना शिकतं, अन् हिला सव्विसाव्या वर्षी शिकायचंय, ते पण उलटं. आपला कांदा 'तो', तर त्यांची 'ती'. आपली खिडकी 'ती', तर त्यांचं 'ते'. सूर्य बाई अन् चंद्र बुवा. चमचा पुरुष, काटा बाई, अन् सुरी दोन्हीतली न्हाई.

मंचरच्या क्लासात शिकवायला जुन्नरहून महेक येते. बाजारात अकबरभाईंचं बांगड्यांचं दुकान हाय, त्यांची पोरगी. मी तिला विचारलं, "हे असं कुणी ठरवलं गं?" तर म्हणली, "काकू, कुणीच नाही ठरवलं. पाठ करायचं." मी म्हणले, मग सासरचंच शिक्षण हाय की हे.

आता मुद्द्याचं. तुझा कुंडलिकमामा माझा पाठचा भाऊ. आई-बाप गेल्यावर माझं माहेर म्हणजे तेवढा एक उंबरा. मामाची पोरगी करायची ही आपली रीत, मी पोरगी मागितली, त्यानं दिली. एका शब्दानं पगार, जमीन विचारली न्हाई, फक्त म्हणला, "आक्का, तुझ्या घरात देतोय, तिऱ्हाइताच्या न्हाई." गेल्या भाऊबीजेला मी त्याला ओवाळलं, तर ताटात ओवाळणी टाकताना म्हणला, "आक्का, पुढच्या भाऊबीजेला पोरगी एक तर तिच्या नवऱ्याच्या घरी असंल, न्हाईतर माझ्या घरी. तुझ्या घरी नसंल." हसत म्हणला. तुझा मामा हसत म्हणतो तेव्हा घाबरायचं असतं, तुला ठाऊक हाय.

तेव्हा नाद सोडा म्हणू नकोस. पोरगी ऑगस्टात परत बसणार. तू तुझे कागद तयार ठेव.

तुझी आई

*

अवसरी खुर्द
२० जुलै २०२५

पत्र पोचल्याचं तुझ्या अण्णांकडून कळलं. "आईला सांगा, असली पत्रं पाठवू नको, इथं पोस्टमन सही घेतो." घेऊ दे की. सही करायला शिकवली कुणी तुला?

हर्षालीचं कसं चाललंय ते तू विचारलं न्हाईस, तरी सांगते.

सध्या सोयाबीनची खुरपणी हाय. बायका मिळत न्हाईत म्हणून आमी पाचजणींनी सावड केलीय. आज सगळ्या माझ्या वावरात, उद्या सगळ्या लंकाबाईच्या. मी तिथंच शाळा काढली. ज्या बाईची पात शेजारी येईल तिनं हर्षालीला एक वस्तू विचारायची, हिनं तिकडचं नाव सांगायचं, पुढं डेर, डी, डास लावून. माझ्याकडं घरी सगळं मराठी अक्षरात लिहिलेलं असतं, रात्री ताडून बघते. चुकली की संध्याकाळचा चहा बंद. लई चुकली की जेवायला शेवटी बसायचं, गार.

तुझे अण्णा म्हणले, "वैजे, पोरगी सुकली." मी म्हणले, सुकू दे, विमानात वजन कमी भरंल.

परवा लंकाबाईच्या वावरात साळुबाईनं विचारलं, "गाय?" ही म्हणली, "डी कू." "कुत्रं?" "डेर हुंड." "घर?" "डास हाउस." मग साळुबाईनं विचारलं, "अन् पोरगी गं?" हिनं खाली बघूनच सांगितलं, "डास मेडशेन."

समद्यांची खुरपी थांबली.

"पोरगी 'ती' न्हाई? 'ते'?"

"ते."

"डास?"

"हो मावशी."

साळुबाई म्हणली, "बराबर हाय की. कानाशी गुणगुण करतं अन् हाकललं तरी जात न्हाई." लई हसल्या. मी पण हसले, खोटं कशाला सांगू. मग लंकाबाईला चेव आला. ती म्हणली, "अन् नवऱ्यानं टाकलेली असली तर गं? तिच्यापुढं काय लावत्यात?"

त्यावर कुणी हसलं न्हाई. हर्षाली नुसती खुरपत राहिली. अर्ध्या तासात तिची पात समद्यांच्या म्होरं गेली अन् ती एकटी बांधाला टेकली. आमी पाचजणी मागं. लंकाबाई मला म्हणते कशी, "वैजयंते, राग आला का?" मी म्हणले, राग कशाचा, उत्तर माहीत असतं तर तिनं दिलं असतं.

तू असं कर. रोज पाच मिनिटं तिला फोन कर, तिकडच्या भाषेत बोल. महेक म्हणते, ऐकायची सवय पायजे, परीक्षेत कानावर पडलेलं कळलं न्हाई की मार्क जातात. पाच मिनिटं. बायको हाय ती तुझी.

आई

*

अवसरी खुर्द
२८ ऑगस्ट २०२५

पाच मिनिटं न्हाई दिलीस.

झाली परीक्षा. मंगळवारी. त्याच दिवशी हरतालिका आली. हर्षाली आदल्या दिवशी म्हणली, "आत्या, चहा घेऊन गेले तर चालंल का?" सासू झाले तरी ती मला आत्याच म्हणते. मी म्हणले, परीक्षा नवऱ्यासाठी अन् उपास पण नवऱ्यासाठीच, एकासाठी दुसरा मोडायचा न्हाई. पाण्याचा थेंब न घेता तिनं दिली. पहाटेच्या एसटीनं निघालो, परीक्षा संपायला दुपार टळली. मी बाहेर दगडावर बसून व्हते. मी पण निर्जळीच, मी काय तिला एकटीला ठेवलं न्हाई.

येताना राजगुरुनगरच्या पुढं बसमध्ये तिला भोवळ आली. मान माझ्या खांद्यावर पडली. पुढच्या बाकड्यावरची एक बाई पाण्याची बाटली घेऊन उठली, मी हात आडवा घातला. म्हणले, उपास हाय.

"कशाचा उपास?"

"हरतालिका. नवऱ्यासाठी."

"नवरा कुठाय?"

"जर्मनीला."

"मग तो पितोय ना तिकडं पाणी?" ती म्हणली. अन् वाटभर माझ्याकडं बघत राहिली. मी पण बघत राहिले. पाणी मी दिलं न्हाई. मंचरला उतरेपर्यंत पोरगी शुद्धीवर आली, अन् पहिला शब्द काय बोलली असंल? "आत्या, 'किल्ली'ला मी डेर लावलं, बरोबर ना?" मला माहीत नव्हतं. मी बरोबर म्हणले.

कागद तयार ठेव, दुसऱ्यांदा सांगते.

आई

*

अवसरी खुर्द
१४ सप्टेंबर २०२५

पास झाली. साठ लागतात, तिला त्र्याऐंशी पडले. महेकनं क्लासात समद्यांना टाळ्या वाजवायला लावल्या म्हणं. कुंडलिक जुन्नरहून मोटरसायकलवर पेढे घेऊन आला, पोरीच्या तोंडात घालताना रडला. एवढा दांडगा माणूस, माझ्या उंबऱ्यात रडला. जाताना विचारलं, "आता किती दिवस, आक्का?" मी म्हणले, आता काय, कागदच राहिले.

तो गेला अन् घटकाभरात तुझ्या अण्णांच्या फोनवर तुझा मेसेज आला. पास झाल्याचा आनंद वगैरे कुठं न्हाई. थेट लिहिलंस की इकडच्या कायद्यात मामाच्या मुलीशी झालेलं लगीन धरत नाहीत, तिला बहीण समजतात, माझा अर्ज परत आला, आता काही होणार नाही, मामाला नीट समजावून सांगा.

अण्णांनी मोठ्यानं वाचला, त्यांना मनात वाचता येत न्हाई. ही दारात उभी. म्हणली, "आत्या, मग परीक्षा कशाला द्यायला लावली?"

मी तिच्या थोबाडीत दिली. 

रात्रभर मला वाटत राहिलं, दोष माझाच. मामाची पोरगी मी आणली. कुणबावीतली बाई मी, मला काय ठाऊक परमुलखात आपली रीत पाप धरतात ते. तुला वाटलं तरी कधी, की आधी सांगावं? तू तर लग्नाच्या पहिल्या महिन्यापासून तिथं राहतोस. लग्नाचे फोटो तूच ऑफिसात दाखवलेस म्हणून सांगत व्हतास.

अर्ज परत आला म्हणतोस ना, मग तो परत आलेला कागद पाठव. कुंडलिकापुढं ठेवायला मला काहीतरी पायजे. नुसत्या तोंडानं मी त्याला काय सांगू, की तुझी पोरगी माझ्या पोराची बहीण निघाली?

आई

*

अवसरी खुर्द
६ ऑक्टोबर २०२५

कागद आला न्हाई. येणार कुठून. नसलेल्या कागदाला पाय न्हाईत.

हे पत्र पोस्टात टाकत न्हाई, तिकडं पोचायला पंधरवडा जातो. महेक याचे फोटो काढून तुझ्या ऑफिसच्या मेलवर पाठवणार हाय. घाबरू नकोस, तिथं कुणाला मराठी वाचता येत न्हाई.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी महेकचा क्लास भरला तेव्हा मी हर्षालीबरोबर गेले. म्हणले, फीचं पुस्तक बंद करून टाकू, आता शिकून काय उपयोग. तू सांगितलेला कायदा मी महेकला सांगितला. ती म्हणली, "काकू, माझी थोरली बहीण नजमुन्निसा आपा. माझ्या सख्ख्या मामूच्या मुलाला दिली. आठ वर्षं झाली ती जर्मनीत आहे, दोन मुलं आहेत. तिला कुणी एका शब्दानं अडवलं नाही. आमच्यात तर घरोघर अशी लग्नं होतात."

"मग हा कायदा कुठला?"

महेक म्हणली, "सार्थकदादाचा असेल."

मी तिथंच बाकड्यावर बसले. हर्षाली बसली न्हाई. ती म्हणली, "मॅडम, तुमच्या फोनवरून लावू का एकदा? तुमचा नंबर त्यांना माहीत न्हाई." महेकनं फोन दिला.

बाईनं उचलला.

मी जवळच व्हते, स्पीकर चालू व्हता. मला एकेक शब्द कळला असं म्हणणार न्हाई, पण त्या बाईचा आवाज गोड व्हता, राग नव्हता, लगबग नव्हती. आपल्या घरातला फोन उचलल्यासारखा तिनं उचलला. हर्षाली तिच्याशी बोलली. हळू बोलली, पण अडली न्हाई. महेक एकदा पुढं आली मदतीला, हर्षालीनं हातानंच तिला थांबवलं.

फोन ठेवल्यावर तिनं मला मराठीत सांगितलं, धडा म्हणून दाखवतात तसं. ती बाई म्हणली, तू भारतातली ती मामेबहीण का? सार्थक तुझं लई सांगतो, लहानपणी तुमी एका आंब्यावर चढायचात. तो अंघोळीला गेलाय. मी त्याची मैत्रीण, आमी एकत्र राहतो, गेल्या वर्षीपासून. तुला किती छान जर्मन येतं.

मी विचारलं, मग तू काय म्हणलीस?

ती म्हणली, "परीक्षेत पहिलं विचारतात तेच सांगितलं. माझं नाव हर्षाली. मी सव्वीस वर्षांची हाय. मी अवसरीला राहते. इश बिन झाइनं फ्राउ."

शेवटचं मला मराठीत सांगायला लागलं न्हाई. मी त्याची बायको हाय. ते वाक्य मीच तिच्याकडून शंभरदा घोकून घेतलंय. खुरप्याच्या दांड्यानं ठोकून घेतलंय.

त्यावर तिकडून फोन बंद झाला.

तुझा बेत मला आता दिसतो, सार्थक. तुला वाटलं पोरगी मठ्ठ हाय, ती भाषा तिला जन्मात यायची न्हाई, नापास होत राहील, अन् दोष तिच्या डोक्याचा म्हणून मामाला सांगता येईल. पास झाली तेव्हा तू कायदा काढलास. तिला भाषा आली नसती तर त्या दिवशी फोनवर तिला वाटलं असतं, कुणी कामवाली असंल, काय बोलली देव जाणे. आली म्हणून कळलं. चहा तोडून, भाकरी तोडून, थोबाडीत देऊन ती भाषा मी तिच्या घशात घातली, अन् तिला त्यातलं पहिलं काय ऐकायला मिळालं तर हे. तुझ्यासाठी घातली मी. आता ती तुझ्या कामाला येणार न्हाई, एवढं खरं.

बसमधून येताना मी तिला म्हणले, चल, तुला विमानात बसवते, पोलिसात जाते, वकील करते, त्या बाईच्या दारात नेऊन उभी करते. ती म्हणली, "आत्या, मला तिथं न्हाई जायचं." मग काय पायजे? "आबांना खरं त्यांनी सांगावं. माझ्यात काय खोट हाय म्हणून परत आले असं आबांना वाटायला नको." बापाला खरं कळावं, एवढंच. बाकी काही मागितलं न्हाई. मी असते तर त्या बाईच्या झिंज्या मागितल्या असत्या.

क्लास सोड म्हणले तर तो पण सोडत न्हाई. पुढचं पुस्तक घेऊन आलीय. आता कशाला गं, विचारलं, तर म्हणली सवय लागलीय. काल रात्री तिचा चहा तिच्या आधी मी ठेवला. तिनं घेतला न्हाई. गार झाला. मग मी ओतून दिला.

तुझे अण्णा म्हणतात, पोराला जपून लिही, तुटंल. तुटू दे. मी एक पोर अन् एक भाऊ, दोन्ही हातात धरून बसले व्हते. तू मला दोन्हीतलं एक सोडायला लावलंस, तर मी कुठला हात सोडायचा ते मी ठरवीन. कुंडलिकानं मला तिऱ्हाईत समजलं न्हाई म्हणून पोरगी दिली. त्याच्या दारात मी तुझी वकील म्हणून जाणार न्हाई. पोरगी नापास झाली असं सांगणार न्हाई, कायदा आडवा आला असं सांगणार न्हाई, तिचे ग्रह वाईट हायेत असं तर मेले तरी सांगणार न्हाई. साळुबाईचं तेवढं सुचवून झालंय.

भाऊबीज गुरुवारी, तेवीस तारखेला. मी हर्षालीला घेऊन जुन्नरला ओवाळायला जाणार. कुंडलिक पाटावर बसंल न्हाई तर ताट उलटं करंल, ते त्याचं अन् माझं. पण त्याच्या आधी त्याला सगळं ठाऊक असलं पायजे, अन् तुझ्या तोंडानं. फोन तू करायचास. नंबर तोच हाय, लहानपणी सुट्टीत बोलावून घ्यायला तू लावायचास तो. मामा म्हणून हाक मारायचीस अन् सांगायचंस की तुझ्या पोरीत काही खोट न्हाई, मी दुसरी बाई ठेवलीय, मी खोटं बोललो. या तीनही गोष्टी. दोन सांगून तिसरी गिळलीस तर भाऊबीजेला मला कळंल, हर्षाली बापाच्या शेजारी बसलेली असंल.

अन् न्हाई केलास, तर हेच पत्र हर्षाली तिकडच्या भाषेत लिहून काढंल. अर्धं लिहून झालंय. वहीत बघितलं मी. डेर, डी, डास कुठं चुकलं असंल तर महेक बघंल, न्हाई बघितलं तरी त्या बाईला कळण्यात अडचण पडणार न्हाई. त्यात मी हर्षालीला काय काय खायला दिलं न्हाई ते पण हाय, ते मी खोडायला लावलं न्हाई. तुझ्या घराच्या पत्त्यावर जाईल, त्या बाईच्या नावानं. नाव तिनं फोनवर सांगितलं व्हतं.

धनतेरस शनिवारी, अठरा तारखेला. त्या दिवशी इकडं दिवे लागायच्या आत मामाला फोन झाला पायजे, अन् झाला असं मला तू स्वतः लिहून कळवायचं. अण्णांच्या फोनवर न्हाई, निरोप न्हाई. माझ्या नावानं, तुझ्या अक्षरात, होय का न्हाई, अन् त्या कागदाचा फोटो महेकच्या मेलवर. शनिवारपर्यंत वाट बघते.

वैजयंती